उंदराचा मेंदू, माणसाचं सॉफ्टवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राण्यांच्या मेंदूचे एमआरआय स्कॅन हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रश्न माझ्याकडे सतत येत असतात. कुणी फार्मसीतून आलेलं असतं, कुणी पशुवैद्यकातून, कुणी थेट भौतिकशास्त्रातून. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो आहे. आधी शब्दांची एक अडचण दूर करू. मराठीत उंदीर म्हटलं की माउस आणि रॅट दोन्ही आले. इथे वीस-पंचवीस ग्रॅमचा तो उंदीर आणि पाव किलोच्या पुढचा तो रॅट.

१. माणसासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर उंदरावर का चालत नाही? संगणकाला तर सगळे आकडेच.

चालतं, आणि खरा धोका तोच आहे. बहुतेक वेळा कुठलीही एरर न येता उत्तर मिळतं आणि ते चुकीचं असतं.

या प्रोग्रॅमांच्या पोटात मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या अपेक्षा दडलेल्या आहेत. माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा. रॅटचा सुमारे २ ग्रॅम आणि उंदराचा जेमतेम अर्धा. एफएसएल, एसपीएम आणि अफ्नी हे मेंदूच्या प्रतिमांसाठीचे मोठे सॉफ्टवेअर संच. एफएसएलमधला फ्लर्ट हा प्रोग्रॅम दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवताना आधी त्या ८ मिमीच्या जाड ठोकळ्यांत पाहतो, मग ४, २ आणि १ मिमीवर येतो. उंदराचा मेंदू रुंदीला १० मिमीच्या आसपास. म्हणजे पहिल्या पायरीवर फ्लर्टला एखाद-दुसरा ठोकळा दिसणार. त्यावरून तो दिशा काय ओळखणार? एसपीएमचंही तेच. त्याची जुळवणी ४ आणि २ मिमी अंतरावरचे नमुने घेते आणि टेम्प्लेटवर, म्हणजे नमुन्याच्या प्रमाण मेंदूवर, बसवलेली प्रतिमा मुळातच २ मिमीच्या व्हॉक्सेलमध्ये (त्रिमितीय ठिपक्यांत) लिहिते.

आकार ही पहिली अपेक्षा झाली. आणखी तीन आहेत: प्राणी स्कॅनरमध्ये कसा झोपला आहे (प्रश्न ५), मेंदूची ठेवण कशी आहे (प्रश्न ७ आणि ९) आणि त्याचं शरीर किती वेगानं चालतं (प्रश्न १२). माप दहापट करून सांगण्याची युक्ती (प्रश्न २) पहिलीच अपेक्षा भागवते. उरलेल्या तिन्ही तशाच राहतात, हे डोक्यात पक्कं असलं की निम्म्या चुका टळतात.

२. ही दहापटीची युक्ती म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रतिमेतल्या एकाही व्हॉक्सेलची किंमत बदलायची नाही. फक्त फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, व्हॉक्सेलची लांबी-रुंदी-उंची दहानं गुणून लिहायची. ०.१ मिमीचा व्हॉक्सेल मग १ मिमीचा दिसतो, उंदराचा मेंदू माणसाच्या मापाजवळ येतो आणि फ्लर्टची ८ मिमीची पहिली पायरी पुन्हा अर्थपूर्ण होते.

इथे एक खाच आहे. निफ्टी फाइलमध्ये (मेंदूच्या प्रतिमांचं नेहमीचं फाइल-स्वरूप) माप दोन ठिकाणी असतं. एक पिक्सडिम या रकान्यात (व्हॉक्सेलची जागा सांगणारं क्यूफॉर्म तिथूनच माप घेतं), आणि दुसरं तेच काम करणाऱ्या एसफॉर्म या मॅट्रिक्समध्ये. नुसतं पिक्सडिम बदललं तर दोन्ही माहित्यांत तंटा होतो, कारण काही प्रोग्रॅम इथून वाचतात तर काही तिथून. एफएसएलमध्ये तीच फाइल ठीक दिसते आणि एसपीएममध्ये मुंगीएवढी दिसते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. मॅट्रिक्समधले आरंभबिंदूचे आकडेही दहानं गुणायला हवेत. अफ्नीमधल्या थ्रीडीरिफिटला हे एका फटक्यात करण्याचा पर्याय आहे. पायथनमध्ये निबाबेल वापरून चार ओळींत होतं, आणि मला तेच आवडतं, कारण काय बदललं हे लेखी राहतं.

३. दहाच का? रॅटला आणि माकडाला किती?

दहा ही सोय आहे. शून्य काढलं की मूळ माप परत मिळतं, आणि उंदीर-रॅट दोघांनाही ते पुरेसं जवळ नेतं. रॅटचा मेंदू लांबीला २ सेमीच्या आसपास, दहापट केला की २० सेमी. माणसापेक्षा किंचित मोठा, पण प्रोग्रॅमला चालतो. एकाच प्रकल्पात वेगवेगळ्या फाइलींना वेगवेगळा गुणक लावायचा मोह मात्र टाळा.

ऱ्हीसस माकडाचा मेंदू ९०-१०० ग्रॅमचा. त्याला बहुतेक वेळा गुणक लावत नाहीत, पर्याय बदलून काम भागतं.

४. मी गुणक लावला, तर मेंदू दीड मीटरचा झाला! काय चुकलं?

बहुधा तो दोनदा लागला. ब्रुकर स्कॅनरच्या फाइली निफ्टीत बदलणारं ब्रू-टू हे साधन सांगितलं नाही तर स्वतःहूनच दहापट करून देतं. खरं माप हवं असेल तर तसा पर्याय द्यावा लागतो. इतर बहुतेक साधनं तसं करत नाहीत. म्हणून गुणक लावण्याआधी हेडर उघडा आणि स्कॅनच्या वेळी ठरवलेल्या मापाशी ताडून पाहा. दीड मीटरचा मेंदू लगेच लक्षात येतो. निम्म्या फाइली एका साधनानं आणि निम्म्या दुसऱ्यानं बदलल्या असतील तर मात्र गोंधळ गटांच्या तुलनेपर्यंत लपून राहू शकतो.

५. प्रतिमा उघडली की रॅटचं नाक वरच्या दिशेला दिसतं. स्कॅन चुकला का?

स्कॅन बरोबर आहे, लेबलं चुकली आहेत. माणूस स्कॅनरमध्ये पाठीवर झोपतो आणि नळीच्या दिशेला त्याची टाळू असते. रॅट पोटावर झोपतो आणि नळीच्या दिशेला त्याचं नाक असतं. फाइलमधली लेबलं माणसाच्या हिशेबानं पडली, तर नळीच्या दिशेला 'वर' असं लिहिलं जातं. रॅटच्या बाबतीत तिथे 'पुढे' हवं, आणि त्याच्या पाठीकडची बाजू 'वर' हवी.

एफएसएलमधली प्रमाण दिशेला वळवणारी आज्ञा इथे उपयोगाची नाही. ती लेबलांवर विश्वास ठेवून वळवते आणि इथे लेबलंच खोटी आहेत. अक्षांची अदलाबदल हातानं करावी लागते आणि मग लेबलं नव्यानं लिहावी लागतात. माकड स्फिंक्ससारखं बसवून स्कॅन केलं असेल तर अफ्नीत त्यासाठी डीस्फिंक्सिफाय नावाचा वेगळा प्रोग्रॅमच आहे. अक्ष बदलताना प्रश्न ६ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

६. डावं-उजवं बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. उंदराचा मेंदू इतका सममित असतो की आरशातली प्रतिमाही तितकीच खरी वाटते.

दोन अक्षांची नुसती अदलाबदल केली की प्रतिमा आरशातली होते. खरं वळण हवं असेल तर अदलाबदलीसोबत एक अक्ष उलटावाही लागतो. एफएसएल तशी सूचना पडद्यावर देतं, पण शंभर फाइली एका स्क्रिप्टमधून चालवल्या की ती सूचना कुणी वाचत नाही.

मी शिकत होतो तिथे हे प्रत्यक्ष घडलं. रॅटांमध्ये मेंदूच्या एकाच बाजूचा रक्तपुरवठा रोखलेला होता, सगळ्यांत उजवीकडे. आमच्या विश्लेषणात काही रॅटांची इजा डावीकडे निघाली. मधे फाइल बदलण्याचं साधन बदललं होतं आणि अक्षांची स्क्रिप्ट जुनीच राहिली होती. इजा डोळ्यांना दिसणारी होती म्हणून आम्ही वाचलो. औषधाचा सूक्ष्म परिणाम शोधत असतो तर कळलंही नसतं.

उपाय स्वस्त आहे. स्कॅन करताना प्राण्याच्या डोक्याच्या एकाच, ठरलेल्या बाजूला तेलाची किंवा पाण्याची बारीक नळी चिकटवा. ती प्रतिमेत ठळक दिसते आणि सगळे वळसे घेऊन झाल्यावरही खरं सांगते. निदान पहिल्या काही प्राण्यांत, आणि साधन किंवा स्क्रिप्ट बदलली की पुन्हा एकदा, हे कराच.

७. प्रतिमेतून कवटी काढताना एफएसएलमधला बेट हा प्रोग्रॅम अर्धा मेंदू खाऊन टाकतो. गुणक लावला तरीही.

बेट मेंदूच्या मधोमध एक गोल कल्पून तो फुग्यासारखा फुगवतो. प्रत्येक बिंदूवर आतल्या दिशेला २० मिमीपर्यंत डोकावून उजेड-अंधार मोजतो आणि कडा ठरवतो. गुणक न लावता चालवलं तर उंदराच्या मेंदूत २० मिमी म्हणजे पलीकडच्या बाजूनं बाहेर. गुणकामुळे हे सुटतं. पण फुगा गोलच राहतो आणि उंदराचा मेंदू गोल नाही. तो लांबट आणि चपटा आहे, पुढे गंधकंद बाहेर आलेले, मागे लहान मेंदू. भोवती जबड्याचे जाड स्नायू आणि चकाकणारी चरबी. पृष्ठकॉइल (डोक्यावर एकाच बाजूनं टेकवलेली अँटेना) वापरली असेल तर वरचा भाग लखलखीत आणि तळ काळोखा, मग बेट तळ सोडूनच देतो.

माझा क्रम असा. आधी उजेडाचा चढउतार एनफोर या साधनानं दुरुस्त करायचा. त्याचं जाळीचं अंतर मिमीमध्ये असतं आणि माणसासाठीच्या उदाहरणांत ते बहुधा २०० असतं. गुणक लावला नसेल तर ते त्याच प्रमाणात कमी करा. मग बेटला मध्यबिंदू आणि त्रिज्या स्वतः सांगायची. एवढ्यानं जमलं नाही तर बेटचा नाद सोडायचा. अफ्नीच्या कवटी काढणाऱ्या प्रोग्रॅमात रॅट, माकड आणि मार्मोसेट यांच्यासाठी थेट पर्याय आहेत, पृष्ठकॉइलसाठीही आहे. रॅट्स आणि पीसीएनएन-थ्रीडी ही साधनं तर उंदीर-रॅटांसाठीच बनली. टेम्प्लेटवरचा मुखवटा (कुठले व्हॉक्सेल मेंदूचे ते सांगणारी प्रतिमा) अँट्स या जुळवणीच्या सॉफ्टवेअरनं उलटा आणून बसवणं हा संथ पण सर्वांत भरवशाचा मार्ग.

कुठलाही मार्ग घ्या, प्रत्येक प्राण्याचा मुखवटा डोळ्यांनी पाहा. चाळीस प्राण्यांना तासभर लागतो, आणि तो तास देण्याइतकी किंमत त्या प्राण्यांनी दिलेली असते.

८. टेम्प्लेट कोणता घेऊ? माणसासाठीच्या एमएनआय टेम्प्लेटसारखं एकच प्रमाण काही आहे का?

एकच नाही. जात, वंश, वय आणि स्कॅन जिवंतपणी की नंतर, या सगळ्यावर निवड ठरते.

उंदरासाठी अ‍ॅलन संस्थेचा सीसीएफ तिसरी आवृत्ती हा सर्वांत तपशीलवार अ‍ॅटलस. तो १६७५ उंदरांच्या सरासरीवर उभा आहे आणि १० मायक्रॉनपर्यंत मिळतो. पण त्याची प्रतिमा प्रकाशसूक्ष्मदर्शकाची आहे, एमआरआयची नाही. थेट जुळवणी करायची तर दोन्हींतला उजेड सारखा असावा असं गृहीत धरणारं माप चालणार नाही, परस्परमाहितीचं माप घ्या. त्याहून बरं म्हणजे आधी एमआरआयच्या एखाद्या टेम्प्लेटवर जाऊन तिथून अ‍ॅलनकडे वळणं.

रॅटसाठी वॅक्सहोम हा स्प्राग-डॉली वंशाचा, ३९ मायक्रॉनचा, मृत्यूनंतर केलेल्या स्कॅनवरचा. सिग्मा हा विस्टर वंशाचा, सोबत ऊतींचे नकाशेही देतो. ऱ्हीसस माकडासाठी ३१ माकडांवरून बनवलेला एनएमटी आणि त्यासोबतचे चार्म व सार्म अ‍ॅटलस अफ्नीत सहज वापरता येतात.

तुमचे प्राणी यांपैकी कशाशीच जुळत नसतील, उदाहरणार्थ दोन आठवड्यांची पिल्लं, तर अँट्सनं स्वतःच्या प्राण्यांचा सरासरी टेम्प्लेट बनवा. खरं तर प्रौढ प्राण्यांतही मी आधी तेच करतो आणि मग तो एकच टेम्प्लेट बाहेरच्या अ‍ॅटलसवर काळजीपूर्वक बसवतो. टेम्प्लेटलाही डेटाइतकाच गुणक लावायला विसरू नका.

९. एसपीएमनं करडा आणि पांढरा भाग वेगळा केला, पण निकाल विचित्र आहे.

एसपीएमचं विभाजन आधीच्या संभाव्यता-नकाशांवर (कुठे कुठला भाग असण्याची शक्यता किती, ते सांगणाऱ्या) टेकून असतं, आणि सोबत येणारे नकाशे माणसाचे असतात. माणसाच्या मेंदूत पांढरा भाग मोठा. उंदरात तो पातळ पट्ट्यांपुरता, आणि वर कॉर्टेक्सला (मेंदूच्या बाहेरच्या थराला) घड्या नाहीत. माणसाचे नकाशे कितीही ताणले तरी ते तिथे बसत नाहीत. केंब्रिजमध्ये तयार झालेल्या एसपीएम-माउस या टूलबॉक्समध्ये उंदराचे नकाशे आहेत आणि मिमीमध्ये लिहिलेल्या अपेक्षाही बदललेल्या आहेत, त्यामुळे गुणकाची गरज पडत नाही. रॅटला सिग्माचे नकाशे वापरा.

एफएसएलमधल्या फास्टसारखी मुख्यतः उजेडावर विभागणारी साधनं पृष्ठकॉइलच्या प्रतिमेत लवकर फसतात. कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

१०. स्मूदिंग (शेजारचे व्हॉक्सेल मिसळून प्रतिमा मऊ करणं) किती ठेवू?

व्हॉक्सेलच्या प्रतलातल्या मापाच्या दोन ते तीन पट. ०.२५ मिमीचा व्हॉक्सेल असेल तर ०.५ मिमी, म्हणजे गुणकानंतर ५ मिमी. एफएसएलच्या फीटमधलं मूळचं मूल्य योगायोगानं ५ मिमीच आहे. एसपीएमचं मूळ मूल्य ८ मिमी, म्हणजे उंदरात ०.८ मिमी. उंदराचा कॉर्टेक्स जेमतेम एवढाच जाड असतो, तेव्हा ते जास्त होतं. स्लाइस जाड असतील तर तिसऱ्या दिशेला स्मूदिंग कमी करा.

११. हालचालीचे आकडे फारच मोठे येताहेत. प्राणी तर भूल देऊन घट्ट धरलेला होता.

दोन कारणं तपासा. पहिलं साधं: गुणक लावल्यावर सरकण्याचे आकडेही दहापट येतात, त्यांना दहानं भागा.

दुसरं जास्त चकवतं. एका फ्रेमपासून दुसरीपर्यंतचं विस्थापन काढताना वळण्याचा कोन मिमीत बदलावा लागतो. त्यासाठी डोकं ५० मिमी त्रिज्येचा गोल मानलं जातं. ते माणसाचं डोकं. उंदराला ५ मिमी योग्य. गुणक न लावलेल्या डेटावर ५० तसंच ठेवलं तर वळण दहापट फुगतं. गुणक लावलेल्या डेटावर ५० बरोबर बसतं, फक्त शेवटचं उत्तर दहानं भागायचं. ०.५ मिमीची माणसाची मर्यादाही इथे निरर्थक आहे, ती तर उंदराच्या दोन व्हॉक्सेलएवढी झाली.

१२. मेंदूची प्रतिक्रिया मोजताना एसपीएमचा नेहमीचा वक्र वापरू का?

नको. दहापटीची युक्ती जागेला लागू होते, काळाला नाही. माणसात रक्तप्रवाहाची प्रतिक्रिया साधारण ५-६ सेकंदांनी शिखर गाठते. उंदीर-रॅटांमध्ये बऱ्याचदा २-३ सेकंदांतच. माणसाचा वक्र लावला की प्रतिक्रिया असूनही दुबळी दिसते. आधी काही प्राण्यांत वक्राचा आकार न ठरवता मोजा. अफ्नीत त्यासाठी तंबूच्या आकाराची फलनं आहेत, एफएसएलमध्ये फ्लॉब्स आहे. मिळालेला वक्र मग सगळ्यांना लावा.

यात भुलीचं औषध फार मोठा वाटा उचलतं, आणि हे सॉफ्टवेअरला कधीच कळणार नाही. आयसोफ्लुरेन रक्तवाहिन्या फुगवतं. मात्रा वाढली तर मेंदूची क्रिया थांबून-थांबून उसळते आणि सगळा मेंदू एकदमच जोडलेला दिसतो. मेडेटोमिडिन उलट रक्तवाहिन्या आवळतं आणि हृदय संथ करतं. त्याच्याखाली विश्रांतावस्थेतल्या लहरी ०.१ हर्ट्झच्या वरही मिळतात, तेव्हा माणसासाठी ठरलेला ०.०१ ते ०.१ चा पट्टा डोळे मिटून लावू नका. दोन गटांना वेगळी भूल दिली असेल तर तो फरक कुठल्याही दुरुस्तीनं पुसता येणार नाही.

१३. हालचालीचा गोंधळ डेटातून काढणारं आयसीए-अरोमा चालेल का?

जसंच्या तसं नाही. ते मेंदूची कड आणि मेंदूतल्या द्रवाचे मुखवटे माणसाच्या टेम्प्लेटवरून घेतं आणि त्याचे निकषही माणसांवर ठरलेले. डेटा घटकांत फोडणारं मेलोडिक मात्र छान चालतं. घटक हातानं निवडा, किंवा वीसेक प्राण्यांचे घटक निवडून वाईट घटक ओळखणाऱ्या फिक्सला नव्यानं शिकवा. सगळंच नव्यानं उभं करायचं असेल तर रेबीज ही उंदीर-रॅटांसाठीच बनलेली, मोफत मिळणारी पाइपलाइन पाहा.

१४. डिफ्यूजन डेटात (पाण्याच्या हालचालीवरून तंतू दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) गुणक लावला तर दिशांच्या फाइलचं काय?

गुणकानं दिशा बदलत नाहीत, ती फाइल तशीच ठेवा. अक्षांची अदलाबदल केली (प्रश्न ५) तर मात्र दिशांच्या ओळींचीही तीच अदलाबदल आणि तेच उलटणं करावं लागतं. ते राहून गेलं तर एफएचे नकाशे (पाण्याची हालचाल किती एकाच दिशेला आहे ते सांगणारे) अगदी बरोबर दिसतात आणि तंतूंचे मार्ग भलतीकडे जातात. तपासणी सोपी आहे: कॉर्पस कॅलोसमच्या (मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या पट्ट्याच्या) मध्यभागी मुख्य दिशा डावी-उजवी दिसते का ते पाहा. तंतूंची गटवार तुलना करणाऱ्या टीबीएसएसमध्ये माणसाचं लक्ष्य न वापरता स्वतःचा एफए टेम्प्लेट द्या.

१५. कॉर्टेक्सचा पृष्ठभाग काढणारं फ्रीसर्फर चालेल का?

उंदराला नको. फ्रीसर्फरचं सगळं कसब घड्यांचा कॉर्टेक्स उलगडण्यात आहे आणि उंदराच्या कॉर्टेक्सला घड्या नाहीत. माकडासाठी त्याच्या रूपांतरित पाइपलाइन आहेत. त्या वापरा, पण कडा हातानं दुरुस्त करण्याची तयारी ठेवा.

१६. मेंदू काढून फॉर्मॅलिनमध्ये ठेवून स्कॅन केला. जिवंत प्राण्यांच्या स्कॅनशी तुलना करू शकतो का?

आकारमानाची थेट तुलना करू नका. फॉर्मॅलिनमध्ये मेंदू आक्रसतो, त्यातल्या द्रवाच्या पोकळ्या मिटतात, टी-१ आणि टी-२ (प्रतिमेचा उजेड ठरवणारे काळ) दोन्ही कमी होतात. एका गटाला एकाच पद्धतीनं ठेवा. डिफ्यूजनमध्ये अशा मेंदूत पाणी मंद हलतं, म्हणून बी-मूल्य (डिफ्यूजन स्कॅन किती संवेदनशील ते ठरवणारा आकडा) जिवंतपणीच्या किमान दुप्पट घ्यावं लागतं. अशा स्कॅनमध्ये कवटी काढण्याची पायरी बहुधा लागत नाही, पण मेंदू ज्या द्रवात ठेवला त्यातले बुडबुडे नीट शोधा. ते इजेसारखे दिसतात.

१७. शोधनिबंधात मापं कशी द्यायची?

खरी द्यायची, गुणक काढून. लांबी दहानं भागा, क्षेत्रफळ शंभरानं, घनफळ हजारानं. क्लस्टरचा आकार घन-मिमीत छापला असेल तर हा हजाराचा फरक हमखास निसटतो. जेकोबियनचे आकडे (जुळवताना एखादा भाग किती फुगला-आक्रसला ते सांगणारे) प्रमाणाचे असतात. डेटा आणि टेम्प्लेट दोघांनाही सारखाच गुणक असेल तर त्यांना हात लावू नका. प्रोग्रॅमनं छापलेली एमएनआयवरचे स्थानाचे आकडे आणि माणसाच्या भागांची नावं पूर्ण गाळा. उंदीर-रॅटांत स्थान ब्रेग्मापासून (कवटीवरच्या सांध्यांच्या एका खुणेपासून) सांगण्याची रीत आहे.

पद्धतीच्या भागात गुणक किती, कुठल्या पायरीवर लावला आणि कुठे काढला, हे एका वाक्यात लिहा. भूल, तिची मात्रा आणि शरीराचं तापमानही. डेटा बिड्स या फाइलींच्या मांडणीच्या प्रमाण पद्धतीनं खुला करणार असाल तर आधी मूळ मापाच्या फाइली ठेवा आणि सहभागींच्या तक्त्यात प्रजातीचा स्तंभ भरा. तो रिकामा सोडला तर बिड्स प्रत्येक उंदराला माणूस समजतं.